बोटभर सरकवलेलं घर

काका वेळेआधी आले यात नवीन काही नव्हतं. नवीन हे, की ते एकटे आले नाहीत. त्यांच्यामागे काकू होत्या आणि काकूंच्या मागे अर्धी गल्ली होती. नगरभवनाच्या रुंद जिन्यावरून ती सगळी मंडळी लग्नाला आल्यासारखी चढत होती. सगळ्यांत पुढे काका, अंगात कडक इस्त्रीचा सदरा, आणि बाइंडिंगच्या खळीनं कायमची पिवळी पडलेली बोटं हवेत नाचवत दर चार पायऱ्यांनी मागे वळून सांगत होते, "माझ्या पुतणीचं काम आहे हे. आधी आमच्या वडिलांनी केलं, मग दादानं, आणि आता हिनं. बघाच तुम्ही."

वर दालनाच्या दारात खारू उभी होती. तिच्या पिशवीत पटाशी होती. काका आयुष्यात एकदा जरी वेळेवर आले असते, तर तिचं काम तोवर उरकलं असतं. 

खारू हे काकांनीच ठेवलेलं नाव. लहानपणी ती घरच्या कारखान्यात लाकडाच्या भुशात बसून काहीबाही कुरतडत असायची, म्हणून खारुताई. आता ती चाळिशीला टेकली होती, पालिकेच्या लोकांना हुकूम सोडत होती, पण घरात अजून खारूच होती.

दालनाच्या मधोमध लाकडी शहर, म्हणजे बाहेरच्या शहराचं मॉडेल, पसरलं होतं, एखाद्या बऱ्यापैकी दिवाणखान्याएवढं. त्याच्या कडेनं कठडा होता आणि लोक कठड्याला धरून फिरायचे. घरं पेराएवढी, नदी काळ्या लाकडाची, घासून घासून आरशासारखी झालेली. पहिलं शहर आजोबांनी कोरलं. त्यानंतर बाहेर एखादी इमारत पडली की कारखान्यात निरोप यायचा. मग पटाशीच्या टोकानं तिचा ठोकळा उचलायचा आणि जी नवी उभी राहणार असेल तिचा बसवायचा. तीन पिढ्या या घरानं दुसरं काही केलं नव्हतं. फक्त काका वेगळ्या वाटेनं गेले. आजोबांच्या जुन्या घराच्या तळमजल्यावर त्यांनी बाइंडिंगचं दुकान टाकलं आणि वर संसार केला.

शहर किती बदललं हो, ओळखूच येत नाही, असं इथे येणारा प्रत्येक म्हातारा म्हणायचा. खारू मान डोलवायची, पण तिला ते फारसं पटत नसे. नाटकगृहाचं गोदाम झालं, गोदामाची बँक झाली. ठोकळा तोच, छपराचा रंग तेवढा बदलला. तळं बुजून कित्येक पिढ्या लोटल्या, तरी मोठा रस्ता अजून त्याला वळसा घालून जातो आणि आपण का वळतोय हे एकाही गाडीवाल्याला ठाऊक नसतं. महापौर असो नाहीतर भाजीवाली, मॉडेलपाशी आलेला माणूस आधी स्वतःचं घर शोधतो, हेही कधी बदललं नव्हतं. तिच्या स्वतःच्या घरात तर ती रीतच होती. मॉडेल दुरुस्त होऊन लोकांना खुलं व्हायच्या आधी तासभर घरची माणसं यायची आणि प्रत्येक जण आपल्या घरावर बोट टेकवायचा.

त्या बोटापायीच तिला रात्रभर झोप नव्हती.

दीड वर्षापूर्वी पालिकेतून नकाशे आले ते तिनं आणि अप्पांनी, म्हणजे तिच्या वडिलांनी, मिळून उलगडले होते. नवा रस्ता गल्लीतल्या एका अख्ख्या रांगेवरून जात होता आणि रांगेच्या मध्यावर आजोबांचं घर होतं. जाहीर होईपर्यंत नकाशाबद्दल चकार शब्द काढायचा नाही, हा धंद्याचा नियम. अप्पांनी नकाशा गुंडाळला आणि म्हणाले, "घरातही नाही." खारू बोलली नाही. थोड्याच दिवसांत अप्पांनी त्या घरातला आपला अर्धा हिस्सा धाकट्या भावाला विकला. आता माझ्यानं जिना चढवत नाही, तुला दुकान वाढवायचंय, घर तुझ्याकडेच शोभतं, असं म्हणाले. काकांचे डोळे भरून आले होते. काकूंनी दागिने मोडले. त्या दिवशीही खारू बोलली नाही. सगळ्यांना चहा तिनंच ओतून दिला. त्या पैशांतून कारखान्यात ठोकळे कापायचं नवं यंत्र आलं, आणि ते यंत्र तीच चालवत होती.

मागच्या आठवड्यात गल्ली उचलायची वेळ आली. शिंपिणीचं घर उचललं, घड्याळजीचं उचललं. आजोबांच्या घराशी मात्र हात अडला. तो ठोकळा आजोबांनी सगळ्यांत आधी कोरलेला, बाकीच्यांपेक्षा गडद, कोपरे बोटांनी गुळगुळीत झालेले. तिनं तो उचलला, तिथून रस्त्याची करडी पट्टी नेली, आणि मग काय डोक्यात आलं कोण जाणे, त्याच्या बुडाला सरस लावून तो बोटभर अलीकडे, रस्त्याच्या कडेला चिकटवून टाकला. प्रत्यक्षात तिथे फूटपाथ येणार होता. राहू दे आजोबांची आठवण म्हणून, कुणाला कळतंय, असं तिनं स्वतःला समजावलं. तपासायला आलेला अधिकारी नवा पूल बघून खूश झाला आणि सही करून गेला.

नवा रस्ता गल्लीतून जाणार एवढं महिन्यापूर्वी जाहीर झालं होतं, आणि परवा पालिकेनं कळवलं: ज्यांचं घर मॉडेलवर दिसणार नाही, त्यांनी नगरभवनाच्या तळमजल्यावर खिडकीशी नाव नोंदवावं. मुदत आज संध्याकाळपर्यंत. जो नोंदवेल त्यालाच बदली जागा मिळेल.

"खारुताई! अगं अशी काय उभी आहेस आजारी असल्यासारखी?" काकांनी तिच्या डोक्यावर टपली मारली. "हे आमचे सगळे शेजारी. म्हटलं, नकाशे कुणाला कळतात? सगळे नुसते घाबरलेत. आमच्या घरचं मॉडेल आहे, चला, एकदाच काय तो निकाल लावू."

"मॉडेल अकरा वाजता खुलं होणार आहे, काका. आधी फक्त घरची माणसं..."

"मग हे काय परके आहेत? या हो, या. हात लावू नका फक्त. आधी नदीकडून बघत या, मजा वाटेल."

मंडळी नदीकडे सरकली. एवढ्यात मागच्या दारानं अप्पा आणि खारूचा धाकटा भाऊ आले. धाकटा वकील होता आणि घरातही बहुधा वकीलच असायचा. घराच्या विक्रीचे कागद त्यानंच केले होते. अप्पा मॉडेलकडे न बघता सरळ खिडकीशी गेले आणि बाहेर बघत उभे राहिले. वकिलानं मात्र कठड्यावरून वाकून गल्ली शोधली, गडद ठोकळा पाहिला आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं.

"ताई, हे झकास केलंस," तो तिच्या कानाशी म्हणाला.

"मी आत्ता काढणार होते तो."

"वेडी आहेस का? राहू दे तसाच. काकांना दिसलं की घर शाबूत आहे, विषय संपला. पुढे पालिकेची चूक म्हणून भांडता येईल. मी भांडेन, फुकट भांडेन."

"संध्याकाळी खालची नोंदणीची खिडकी बंद होईल. मग त्यांना जागा कोण देणार? तू?"

"बघू तेव्हाचं तेव्हा. आणि आज घर नाही असं त्यांना दिसलं, तर पहिला प्रश्न काय विचारतील? दादाला कधी कळलं, हाच ना? या वयात अप्पांना तोंडघशी पाडायचंय तुला?"

"म्हणजे काकांना पाडायचं?"

"तू कधीपासून एवढी धुतल्या तांदळासारखी झालीस? यंत्र कोण वापरतं?"

ते मात्र तिला वर्मी लागलं.  ती खिडकीशी अप्पांकडे गेली.

"अप्पा, तुम्ही सांगा ना काकांना. बाजूला घ्या आणि सांगा. अजून वेळ आहे."

अप्पांनी वळून पाहिलं नाही. त्यांचे हात हल्ली थरथरायचे, म्हणून ते मागे बांधून उभे होते. "मी विकलं नसतं तर दोघांचंही गेलं असतं," ते म्हणाले. "एकाचं तरी वाचलं. तुम्हा पोरांसाठीच केलं ना?"

"आणि काकांचं काय?"

"तो धाकटा आहे. त्याला लहानपणापासून पडतं घ्यायची सवय आहे."

हे ते इतक्या साधेपणानं म्हणाले की खारूला आधी राग आला आणि लगेच स्वतःचीच लाज वाटली. कारण तिनंही मनातल्या मनात हाच हिशोब केला होता. काका चिडत नाहीत, काका समजून घेतात, काकांचं काय, ते हसून नेतील. अख्खं घर काकांच्या चांगुलपणावर खुशाल पाय पसरून बसलं होतं.

"सापडलं!" काकांचा आवाज दालनभर घुमला. "या, या इकडे! आहे! आहे आमचं घर!"

ते कठड्यावरून अर्धे वाकले होते आणि त्यांचं पिवळं बोट गडद ठोकळ्यावर टेकलं होतं. काकूंनी छातीवर हात ठेवला. त्यांच्या तोंडून नुसता मोठा श्वास बाहेर पडला.

"मी सांगत होते ना, उगाच जिवाला घोर लावून घेता," काकू म्हणाल्या. पण रात्र रात्र जागल्या होत्या त्याच, हे त्यांच्या डोळ्यांखाली स्पष्ट दिसत होतं. "बाई गं, खारू, पाय धुवायला हवेत तुझे. महिनाभर घशाखाली घास उतरत नव्हता माझ्या."



"आणि माझं?" मागून शिंपीण म्हणाली. गल्लीतल्या तीन पिढ्यांचे कपडे शिवलेली बाई. "तुमच्या शेजारीच ना मी? भिंतीला भिंत आहे."

काकांचं बोट शेजारी सरकलं. शेजारी करडी पट्टी होती. बोट पलीकडे गेलं, अलीकडे आलं. सगळीकडे करडी पट्टी.

"थांबा हं, इथेच कुठेतरी असेल," काका म्हणाले.

"कुठे असेल? रस्ताच आहे सगळा," घड्याळजी म्हणाले. बारीक वस्तू बघण्यात त्यांचा जन्म गेला होता. "माझंही नाही. त्या कोपऱ्यावरचंही नाही. अख्खी रांग गेली. तुमचं तेवढं राहिलं."

 शेजारी सगळे एकदा ठोकळ्याकडे बघत होते आणि एकदा काकांकडे. लोक बाजूला सरकले नव्हते, पण काकांच्या भोवती आपोआप जागा झाली.

"तुमचं बरं राहिलं," शिंपीण म्हणाली. आवाजात राग नव्हता. तेच जास्त लागलं.

"राहणारच," घड्याळजी म्हणाले. "पुतणीच्या हातात शहर आहे. आमची पुतणी असती तर आमचंही राहिलं असतं."

काकांचा चेहरा लाल झाला. भांडण या माणसाला ठाऊक नव्हतं; दुकानात उधारी मागतानासुद्धा तेच माफी मागायचे. पण आता ते ताठ झाले. "हे बघा, काय वाटेल ते बोला, पण असं बोलू नका. आमच्या घरात लबाडी नाही झाली आजवर. वडिलांनी एक खिडकीसुद्धा खोटी कोरली नाही. माझ्या भावाला विचारा. हे काम त्याच्याच हाताखालचं. दादा, सांग यांना. सांग, मॉडेलवर आहे ते खरं आहे."

सगळ्यांच्या माना खिडकीकडे वळल्या. अप्पा आता वळले. खारूला वाटलं, बोलतील. सख्खा भाऊ चारचौघांत त्यांच्या शब्दावर उभा होता. दगडालासुद्धा पाझर फुटला असता.

"मॉडेलवर आहे म्हणजे बरोबरच असेल," अप्पा म्हणाले.

"ऐकलंत?" काका म्हणाले. त्यांनी मान उंच केली. भावाच्या त्या एका वाक्यावर त्यांचा इतका विश्वास होता, की धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं खारूला झालं.

तिनं पिशवीतून पटाशी काढली.

"ताई," वकील म्हणाला. "ताई, जरा विचार कर."

कठड्याचं फाटक उघडून ती आत शिरली, लाकडाला ओरखडा जाऊ नये म्हणून घालायचे मोजे न घालता, जे तिनं आयुष्यात कधी केलं नव्हतं. नदीच्या पुलापाशी गुडघा टेकला आणि आजोबांच्या घराखाली पटाशीचं टोक घातलं. सरस पक्का धरला होता, लवकर सुटेना. दोनदा तिचा हात घसरला. मग टक् असा आवाज होऊन ठोकळा निघाला आणि त्याच्या जागी फूटपाथवर सरसाचा मळकट चौकोन उरला.

"हा मी चिकटवला होता," ती म्हणाली. काकांकडे बघायचं धाडस होईना, म्हणून ती घड्याळजींकडे बघत होती. "घर रस्त्यात आहे. सगळ्यांचं आहे तसंच. काकांना काही माहीत नव्हतं. त्यांना खाली नाव नोंदवायला हवं. आजच."

काकूच आधी भानावर आल्या. "म्हणजे? घर जाणार?" मग त्यांनी काय ओळखायचं ते ओळखलं. या घरात अशा गोष्टी नेहमी त्याच आधी ओळखायच्या. त्या अप्पांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "भावोजी, नकाशे कधी आले होते?"

"काकू, कायद्यानं बघायला गेलं तर नकाशे गोपनीय असतात," वकील मध्ये पडला. "आणि व्यवहार दोन्ही बाजूंच्या संमतीनं—"

"तू गप्प बस. शाळेत तुझ्या वह्या मी शिवून दिल्यात. भावोजी, मी तुम्हाला विचारतेय."

अप्पा खिडकीच्या चौकटीला टेकले. त्यांचे हात मागून सुटले आणि सगळ्यांसमोर थरथरू लागले.

"खारुताई," काका म्हणाले, "तू सांग."

"विकायच्या आधी," खारू म्हणाली. "आधीच आले होते. मीही पाहिले होते."

काकूंनी तोंडावर हात घेतला. "केसानं गळा कापलात हो," त्या म्हणाल्या, आणि पुढचे शब्द रडण्यात गेले. शिंपिणीनं त्यांना धरलं. जिचं घर आत्ताच पुसलं गेलं होतं, तीच काकूंच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

काका ओरडतील, काहीतरी फेकतील, निदान तिच्या तोंडात मारतील, याची खारू वाट बघत होती. तिला ते हवंही होतं. काका मात्र घड्याळजींकडे वळले.

"माफ करा," ते म्हणाले. "तुम्ही म्हणत होता तेच बरोबर. आमच्या घरात लबाडी झाली."

"अहो, असं काय..." घड्याळजी म्हणाले. ते आपल्याच बुटांकडे बघू लागले.

"काका," खारू कठड्याच्या आतूनच म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला बघून बरं वाटेल."

"बरं वाटलं होतं गं," काका म्हणाले.

तिनं ठोकळा पुढे केला. काकांनी तो पाहिला. लहानपणी तो त्यांच्या खेळण्यांत होता, हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी हात पुढे केला नाही.

"ठेव तुमच्याकडेच. तुमच्या धंद्यातला आहे," ते म्हणाले. मग नेहमीच्या दुकानातल्या आवाजात त्यांनी गल्लीला हाक दिली, "चला मंडळी. खिडकीवर रांग वाढायच्या आत जाऊ. ज्यांना लिहिता येत नसेल त्यांचं मी लिहून देतो."

आली तशीच सगळी मंडळी जिना उतरून गेली. या खेपेला काका सगळ्यांच्या मागे होते. वकिलानं घड्याळ पाहिलं, त्याला कुठेतरी जायचं होतं; तो मागच्या दारानं गेला. अप्पा बराच वेळ खिडकीशी उभे राहिले. खारू पुसायला ओला कपडा आणायचं सोडून नुसती बसून होती. शेवटी अप्पा कठड्याला धरत धरत दारापर्यंत गेले आणि खाली उतरू लागले. ज्या माणसाला गावाबाहेरच्या घराच्या जिन्याचंही माप तोंडपाठ होतं, तो एकेका पायरीवर थांबत होता. खारू मागून निघाली, पण वळणावरच्या पायरीशी थांबली. तिथून खालचं सगळं दिसत होतं.

खिडकीसमोर रांग लागली होती. काका रांगेच्या शेवटी उभे होते, कुणाचंतरी नाव लिहून देत. अप्पा गेले आणि त्यांच्या मागे उभे राहिले. बराच वेळ काकांना कळलं नाही. कळलं तेव्हा त्यांनी मान थोडी वळवली.

"तू इथे कशाला?" ते म्हणाले.

"तुझ्याबरोबर उभा राहतो."

"कशाला? तुझं तिथे काही नाही, दादा. तू घरी जा."

अप्पा हलले नाहीत. रांग पुढे सरकली तसे तेही सरकले. तेवढ्यात कोपऱ्यावरच्या घरातली एक तरुण बाई मूल कडेवर घेऊन घाईघाईनं आली आणि त्यांच्या मागे उभी राहिली. "आजोबा, तुमचं कुठलं घर?" तिनं विचारलं. या शहरातलं प्रत्येक छप्पर अप्पांच्या हाताखालून गेलं होतं, पण या रांगेत सांगावं असं त्यांचं एकही नव्हतं. बाईनं क्षणभर वाट पाहिली. "तुमचं घर जात नसेल तर जरा बाजूला होता का? आम्हाला उशीर होतोय."

अप्पा बाजूला झाले. रांगेनं त्यांची जागा लगेच भरून काढली आणि ते भिंतीला टेकून उभे राहिले. हात कुठे ठेवावेत ते त्यांना कळत नव्हतं. त्यांनी एकदा वर जिन्याकडे पाहिलं. खारूनं जायला हवं होतं, त्यांचा दंड धरून त्यांना घरी न्यायला हवं होतं. ती त्यांची मुलगी होती. पण खालच्या सगळ्या लोकांसमोर त्यांच्या शेजारी जाऊन उभं राहायची तिला लाज वाटली, आणि ती भिंतीच्या आड मागे सरकली.